कलमाखालचा फुटवा

गणपतीत रात्री आरती झाली, भजनी मंडळ पुढच्या घरी गेलं आणि ओटीवर आम्ही सात-आठ जण उरलो. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने मोबाईलवर कुठल्यातरी निकालाची बातमी वाचली आणि सुपारी कातरता कातरता म्हणाला, "पाच जज मोठे की पाचशे खासदार, ता सांगा आधी." झालं, पुढचे दोन तास समईतलं तेल संपेस्तोवर तेच. एका बाजूचं म्हणणं, लोकांनी मतं देऊन पाठवलेल्या माणसांनी केलेला कायदा काळ्या कोटातली चार माणसं फाडून टाकतात म्हणजे लोकशाही कसली. दुसऱ्या बाजूचं, कोर्ट आहे म्हणून आपण आहोत, नाहीतर या लोकांनी कधीच सगळं गिळलं असतं. टीव्हीवर हीच चर्चा असते, फक्त तिथे सुपारी नसते.

मला वाटतं दोन्ही बाजू एकाच चुकीच्या समजुतीवर उभ्या आहेत. कोर्ट कायदा उचलतं आणि मोडीत काढतं, ही ती समजूत. एकाला त्याचा राग येतो, दुसऱ्याला आनंद होतो, एवढाच फरक. खरं तर मूलभूत हक्कांच्या आड येणारे जुने कायदे कोर्टाने मोडलेले नाहीत, ते घटनेनेच २६ जानेवारी १९५० ला मोडून ठेवलेत. कोर्ट फक्त सांगतं की कुठपर्यंत मोडलाय आणि कुठून शाबूत आहे. त्यानंतर पुस्तक दुरुस्त करायचं काम संसदेचं आणि विधानसभेचं. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या कामाबद्दल, कारण ते जवळजवळ कोणी करतच नाही, आणि आपण मात्र "कोर्ट मोठं की संसद" यावर समया जाळत बसतो.

आमच्या देवगडाकडे 'कलम' म्हटलं की पोराटोरांना आधी आंबा आठवतो, कायदा नंतर. रायवळची कोय रुजवायची, रोप आलं की त्यावर हापूसची काडी बांधायची. मूळ रायवळचंच राहतं, ते कोणी उपटत नाही, उपटलं तर झाडच मरेल. पण बांधलेल्या सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो खुडावाच लागतो, कारण तो हापूसचा नसतो, रायवळचा असतो, आणि लक्ष नाही दिलं तर चार वर्षांत तोच झाड होऊन बसतो. आपल्या घटनेने हेच केलं. कलम ३७२ म्हणालं, जुने कायदे चालू राहतील, म्हणजे १८६० चं पीनल कोड, १८७२ चा पुराव्याचा कायदा, सगळं इंग्रजी मूळ तसंच. सगळं उपटलं असतं तर २७ जानेवारीला चोर पकडायलासुद्धा कायदा नव्हता. आणि कलम १३ म्हणालं, या जुन्या कायद्यांतला जेवढा भाग मूलभूत हक्कांशी जुळत नाही तेवढा रद्दबातल. 'तेवढा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे हो, आणि चर्चेत नेमका तोच कोणी उच्चारत नाही.

तेवढा म्हणजे किती, हे आपल्याच मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यावरून कळतं. १९४९ चा कायदा, त्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं, १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दारूबंदी राहिली. पण 'दारू' या व्याख्येत अल्कोहोल असलेली औषधं आणि अंगाला लावायच्या वस्तूसुद्धा कोंबल्या होत्या, तेवढ्यापुरती बंदी गेली. म्हणजे फुटवा खुडला, झाड राहिलं. (परमिटचं काय झालं ते आमच्याकडे कोणाला सांगायला नको.) त्याच वर्षी दुसरा एक मुंबईचाच खटला, १९४९ मध्ये परवानगीशिवाय पत्रक छापल्याबद्दलचा, कायदा १९३१ चा प्रेसचा. आरोपी म्हणाला आता हक्क आलेत, मला सोडा. कोर्ट म्हणालं नाही, हक्क १९५० पासून पुढे, आधी केलेल्या गोष्टीचा खटला चालू राहील. कठोर वाटतं ना? पण बघा, कोर्टाला मनमानी करायची असती तर इथे टाळ्या मिळवायची संधी होती, त्याने घेतली नाही. आणि १९५५ चा भिकाजी नारायण ढाकरस यांचा खटला तर आपल्याला पटकन समजण्यासारखा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या मोटार कायद्यात १९४७ मध्ये दुरुस्ती करून बस वाहतुकीचा सगळा धंदा सरकारला स्वतःकडे घेता येईल अशी सोय केली होती. १९५० मध्ये ती धंदा करण्याच्या हक्काच्या आड आली. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली, सरकारी मक्तेदारीला घटनेतच जागा मिळाली. मग आधी आड आलेल्या त्या कायद्याचं काय, मेला की जिवंत? कोर्ट म्हणालं, मेला नव्हता, त्याला ग्रहण लागलं होतं, आता सुटलं. कायद्याच्या भाषेत आजही त्याला ग्रहणाचाच सिद्धांत म्हणतात. ग्रहणात सूर्य कोणी पुसून टाकत नाही, तो झाकला जातो, आणि सावली हलली की पुन्हा दिसतो. ज्यांना वाटतं कोर्टाने कायद्याचा खून केला त्यांनी हे एवढं तरी लक्षात घ्यावं.

हक्कांची सनद नसताना काय व्हायचं ते बघायला लांब जायला नको, महाडला जा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. तळं नगरपालिकेचं, नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं करायचा ठराव १९२४ मध्येच केलेला. तरी सवर्णांनी दिवाणी दावा लावला, डिसेंबरात मनाई हुकूम आणला, आणि तो दावा महाड, ठाणे करत करत मुंबई हायकोर्टात जाऊन संपला १७ मार्च १९३७ ला. सत्याग्रहाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी! बाबासाहेब जिंकले. पण कशावर जिंकले? माणसाला पाणी पिण्याचा समान हक्क आहे म्हणून नव्हे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आलीय हे विरुद्ध बाजूला सिद्ध करता आलं नाही, म्हणून. ती सिद्ध झाली असती तर पुढे काय, हा प्रश्न त्या निकालात उघडाच राहिला. म्हणजे दहा वर्षांची लढाई शेवटी अटकली होती प्रथा किती जुनी आहे यावर. आता कलम १३ वाचा, त्यात 'कायदा' या शब्दात रूढी आणि प्रथासुद्धा धरल्यात, आणि कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी लिहिलेत. ज्या माणसाने प्रथेच्या वयावर दहा वर्षं खटला लढवला तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता हा योगायोग आहे असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. प्रथा हजार वर्षं जुनी आहे हे सिद्ध करून दाखवलंत तरी आता उपयोग नाही, हा जो फरक पडला तो संसदेच्या कुठल्या एका कायद्याने पडलेला नाही.

आता चुलतभावाच्या बाजूने. त्याचा मुद्दा फालतू नाही, आणि तो फालतू समजणारे लोक मला जास्त खटकतात. हक्कांची भाषा नेहमी गरिबाच्याच बाजूने बोलते असं नाही. आमचं घर कुळाचं. आजोबांच्या नावावर सातबारा लागला तो कुळकायद्यामुळे, त्याआधी पणजोबा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, खळ्यावर धान्य मोजून देऊन उरलेलं घरी आणायचे. कोकणात खोती म्हणजे काय होतं ते जुन्या माणसांना विचारा, अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, आणि कायदा आला तेव्हा स्वातंत्र्य मिळून गेलेलं. आणि घटना आल्यावर सुरुवातीलाच धक्का कोणाला बसला? जमीनदारी मोडणाऱ्या कायद्यांना! मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या हक्काखाली रद्द ठरवला. म्हणजे समानता हा शब्द जमीनदाराच्या कामी आला. ते बघून नेहरूंच्या सरकारने पहिली घटनादुरुस्ती केली, नववी अनुसूची काढली आणि तिच्यात तेरा कायदे ठेवून वर लिहिलं की यांना हक्कांच्या नावाने हात लावायचा नाही. त्या तेरांत दुसऱ्या नंबरवर आमचा १९४८ चा कुळकायदा आहे आणि सहाव्या नंबरवर खोती रद्द करण्याचा कायदा. म्हणजे मी आज हापूसच्या कलमांबद्दल लिहितोय ती कलमं ज्या जमिनीत आहेत ती जमीन कोर्टापासून लपवून ठेवावी लागली होती. हे मान्य केल्याशिवाय मला पुढे बोलायचा अधिकार नाही.

पण पुढचं ऐका. पहिली गोष्ट, कोर्टाचा निकाल अंतिम शब्द असतो हे इथेच खोटं ठरलं. निकालानंतर तीन महिन्यांत संसदेने घटनाच बदलली, उघडपणे, चर्चा करून, कोणी काय मत दिलं ते नोंदवून. पाच जज मोठे की पाचशे खासदार? त्या वेळी खासदारांनी दाखवून दिलं की. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोर्टाचं दार बंद करणारी ती पेटी एकदा तयार झाल्यावर तिच्यात फक्त कुळकायदे राहिले का? तेराचे पुढे २८४ झाले, आणि आणीबाणीत त्यात काय ठेवलं तर मिसा. विनाचौकशी तुरुंगात टाकणारा कायदा, खोती निर्मूलनाच्या शेजारी, त्याच झाकणाखाली. तेव्हा आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, लोकांनी मतं देऊन पाठवलेले, पाचशेंतले एक. माझ्या भावाला मी हेच विचारलं की बाबा, त्या वेळी खासदारच आत होता तर खासदार मोठा म्हणजे नेमकं कोण मोठं? १९७८ मध्ये मिसा त्या यादीतून काढला, आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की २४ एप्रिल १९७३ नंतर जे काही त्या अनुसूचीत घातलंय ते घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येईल. १९७३ च का, तर घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा निकाल त्या दिवशीचा. कुळकायदा आणि खोतीचा कायदा त्या तारखेच्या आधीचे, त्यामुळे आमचा सातबारा सुरक्षित, मिसासारखं काही पुन्हा लपवायचं म्हटलं तर जमणार नाही. हा निवाडा मला शहाणपणाचा वाटतो, माझी जमीन वाचली म्हणून वाटत असेलही.

आणि दुसऱ्या बाजूच्या भक्तांसाठीसुद्धा आणीबाणीच आठवून देतो. एप्रिल १९७६ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणीत अटकेतल्या माणसाला कोर्टात यायचा हक्क नाही. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टाने स्वतः म्हणायला २०१७ उजाडलं. तेव्हा कोर्ट म्हणजे देव्हारा नाही. सनद लिहिली म्हणून हक्क आपोआप मिळत नाहीत, ती वाचणारा माणूस घाबरला तर सनदेचा कागदच राहतो.

आणखी एक खरी अडचण आहे, ती म्हणजे कोर्ट अनेकदा कायदा रद्द करतच नाही, त्याचा अर्थ लहान करतं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचंच बघा. १२४ अ, राजद्रोह, १८७० मध्ये पीनल कोडात घातलेलं. १८९७ च्या खटल्यात जज स्ट्रॅची यांनी ज्युरीला अर्थ सांगितला की सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती. प्रेम नाही म्हणून दीड वर्षं! १९०८ मध्ये सहा वर्षं मंडाले. पुढे १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं की दंगाधोपा होण्यासारखं काही हवं, १९४७ मध्ये त्याच्याही वरच्या, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते फिरवलं. या दोन्ही वेळी कलमाचे शब्द तेच बरं का. घटना आल्यावर पंजाब आणि अलाहाबाद हायकोर्टांनी कलमच रद्द ठरवलं, आणि १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उभं केलं, फक्त अर्थ आवळून: हिंसेला चिथावणी किंवा तशी प्रवृत्ती असेल तरच, नुसती टीका म्हणजे राजद्रोह नाही. ऐकायला छान. पण तो आवळलेला अर्थ कुठे लिहिलेला होता? निकालाच्या कागदात. पुस्तकात १२४ अ तसंच्या तसं, १८९८ मध्ये दुरुस्त केलेल्या भाषेत. मग तालुक्याच्या ठाण्यातला हवालदार काय वाचणार? तो पुस्तक वाचणार. साठ वर्षं तेच चालू, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तूर्त हे कलम वापरू नका, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, कलम १५२ आहे, आता त्याचा अर्थ आवळायला पुन्हा पहिल्यापासून कोर्टात जाणं आलं.

इथे माझी मूळ तक्रार येते. जुन्या पीनल कोडात ३०३ नावाचं कलम होतं, जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. १९८३ मध्ये मिठू खटल्यात ते घटनाबाह्य ठरलं. ते पुस्तकातून गेलं कधी? पीनल कोडच गेलं तेव्हा, २०२४ मध्ये. एक्केचाळीस वर्षं मेलेलं कलम पुस्तकात नीटनेटकं छापलेलं. आणि त्याहून वाईट गोष्ट आपल्या उत्तर कोकणातली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं आणि ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यावरून सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं ६६ अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, पूर्णच्या पूर्ण रद्द झालं, अर्थ आवळणं वगैरे नाही, सरळ काढून टाकलं. संपलं ना? नाही संपलं. २०२१ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टासमोर आलं की देशभर पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवतायत. सरकारी वकिलांनी काय सांगितलं तर पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, रद्द झाल्याचं खाली तळटिपेत असतं. तळटीप! म्हणजे एका मुलीची सुटका तळटिपेच्या अक्षराच्या साईझवर अवलंबून. मग केंद्राने राज्यांना पत्र लिहिलं, मग २०२२ मध्ये कोर्टाने परत बजावलं. ते कलम पुस्तकातून वगळायला संसदेला २०२३ उजाडलं. तोवर एका ओळीची दुरुस्ती करायला कुठल्या जजने अडवलं होतं?

काही शिकलेले लोक म्हणतात की आपल्याकडे कोर्टाला कायदा रद्द करायचा अधिकारच नको, इंग्लंडसारखं करा. तिथे १९९८ चा मानवी हक्क कायदा आहे, कोर्ट कायद्याचा अर्थ हक्कांना धरून लावायचा प्रयत्न करतं, नाहीच जमलं तर विसंगत आहे असं जाहीर करतं, पण कायदा चालूच राहतो, बदलायचा की नाही ते पार्लमेंटने बघावं. न्यूझीलंडमध्ये १९९० चा हक्कांचा कायदा आहे, पण तिथेही कोर्टाला संसदेचा कायदा पाडता येत नाही. ही पद्धत मला वाईट वाटत नाही, उलट तिच्यातली एक गोष्ट हेवा वाटावा अशी आहे: विसंगती जाहीर झाली की मंत्र्याला झटपट दुरुस्तीचा खास मार्ग ठेवलाय. पण तिथेसुद्धा जिथे मतं मिळत नाहीत तिथे पार्लमेंट ढिम्म बसतं. कैद्यांच्या मताधिकाराबद्दल युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं, तिथल्या स्वतःच्या कोर्टाने २००७ मध्ये विसंगती जाहीर केली, आणि पुढची दहा वर्षं प्रश्न तसाच लोंबकळला. आपल्या संसदेची दुरुस्तीची सवय ३०३ आणि ६६ अ वरून कळलीच आहे. त्या सवयीच्या भरवशावर कोर्टाचा निकाल नुसता सल्ला करून ठेवायचा? म्हणजे पालघरच्या मुलींनी तळटिपेचीसुद्धा वाट बघायची.

कोर्ट कधीकधी खुडण्याऐवजी स्वतःच लावणी करायला लागतं, हाही आरोप खरा आहे. १९९७ मध्ये विशाखा निकालात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल कोर्टाने चक्क नियमावली लिहून दिली. ते विधिमंडळाचं काम होतं, मान्य. पण विधिमंडळाने तो कायदा केला २०१३ मध्ये, सोळा वर्षांनी. शेजाऱ्याने तुमच्या बागेला पाणी घातलं म्हणून भांडायला जायचं असेल तर आधी तुम्ही सोळा वर्षं कुठे होता हे सांगा ना. आणि संसद स्वतः छाटणी करते तेव्हा काय होतं तेही बघा. २०१८ मध्ये कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या पीनल कोडच्या ३७७ मधला फक्त सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांचा भाग काढला, जबरदस्तीचा भाग मुद्दाम ठेवला, 'तेवढा' या शब्दाला धरून. नव्या संहितेत संसदेने आख्खं कलमच गाळलं, आणि पुरुषावर पुरुषाने केलेल्या जबरदस्तीला आता त्या जागी कलमच नाही. कोयतीने केलेलं काम कोणाचं आणि कुऱ्हाडीने केलेलं कोणाचं, हे ठरवायला फार कायदा शिकावा लागत नाही.

हे सगळं त्या रात्री मी एवढं नीट बोललो नाही, अर्धं दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वाटेवर बोललो. चुलतभावाला मिसाचं पटलं, खोतीचं आधीपासून पटलेलंच होतं, पण जज कोण नेमतं हा त्याचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो राहायला पाहिजे. ३०३ चं मात्र त्याला खरंच वाटेना. "मग ता मेलेला कलम इतकी वर्सा पुस्तकात छापीत कित्याक होते?" म्हणाला. आमच्या शेजारी एक निवृत्त वकील राहतात, त्यांच्या कपाटात वाळवी लागलेलं पीनल कोडचं जुनं पुस्तक आहे, परत येताना मुद्दाम त्यांच्या पडवीत थांबलो. त्यांनी चष्मा लावून ३०२ नंतरचं पान काढून दिलं. कलम अगदी ठळक अक्षरात होतं, आणि खालच्या टिपेसाठी त्यांना खिडकीपाशी जावं लागलं.